आठ चॅनेलचा आवाज आणि कुणीच न लिहिलेला कागद

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगीत नाटकांच्या आणि मैफलींच्या चित्रीकरणावर आलेला लेख वाचला. कॅमेरे किती असावेत, कुठे असावेत, जुन्या चित्रफितींचं काय करावं, हे सगळं त्यात आलं आहे. आवाजाबद्दल मात्र एवढंच म्हटलं आहे की तो कॅमेऱ्याच्या माईकवर न घेता साऊंडवाल्याच्या मिक्सरवरून थेट घ्यावा. सूचना योग्यच आहे. पण मिक्सरमधून निघालेला आवाज रेकॉर्डरमध्ये शिरल्यावर कुठल्या ट्रॅकवर, म्हणजे आवाजाच्या कुठल्या वेगळ्या पट्टीवर, जाऊन बसतो, हे कोण ठरवतं आणि कोण लिहून ठेवतं? आपल्याकडची कितीतरी चांगली रेकॉर्डिंग्ज याच ठिकाणी वाया जातात. पत्र लांबेल. जागेअभावी काटछाट करावी लागली तर तांत्रिक भाग कापू नये ही विनंती, कारण नेमका तोच कुठे छापून येत नाही.

मी मिरजेत राहते. सांगली, मिरज, कोल्हापूर, कधी बेळगाव, अशा पट्ट्यात गाण्याचे कार्यक्रम, नाटकं, कीर्तनं, व्याख्यानं यांचं ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे. चित्रीकरण दुसऱ्या कुणाचं असतं, त्यांना मी आवाज देते. कार्यक्रम संपल्यावर फाईल कुणाच्या हातात जाते, त्यातला कुठला आवाज रसिकांपर्यंत पोचतो, हे मला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. कधीतरी कुणी मोबाईलवर क्लिप दाखवतं आणि मग पोटात गोळा येतो, कारण मी दिलेला आवाज त्यात नसतोच.

हे कसं होतं ते सांगते. आता टेपवर कुणी रेकॉर्डिंग करत नाही. कॅमेऱ्यांची चित्रं स्विचरमध्ये येतात आणि निवडलेलं चित्र एका केबलने डिस्क रेकॉर्डरकडे जातं. रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्क असेल, एसएसडी असेल, किंवा सोनीने २००३ साली आणलेली निळ्या लेझरची प्रोफेशनल डिस्क असेल. त्या एकाच एसडीआय केबलमधून चित्राबरोबर आवाजाचे सोळा चॅनेल जाऊ शकतात, चार-चारच्या चार गटांत. शिवाय बऱ्याच रेकॉर्डरच्या पाठीमागे आवाजासाठी वेगळी, तीन पिनांची एक्सएलआर सॉकेट्स असतात, काहींना डिजिटल एईएसची. म्हणजे आवाज आत यायला दोन-तीन रस्ते, आणि आत लिहून घ्यायला दोन, चार, आठ किंवा सोळा ट्रॅक. कुठल्या रस्त्याने आलेला आवाज कुठल्या ट्रॅकवर लिहायचा हे यंत्राला सांगावं लागतं. आमच्या भागात उसाला पाणी पाजताना रात्री दारं धरायला माणूस लागतो. पाटाला पाणी आलं म्हणून सगळ्या सऱ्या भिजत नाहीत, ज्या सरीचं दारं मोडलं तिलाच पाणी मिळतं. रेकॉर्डरवरचं चॅनेल मॅपिंग म्हणजे हे दारं धरणं.

आणि हे काम कुणाचंच नसतं. कॅमेरावाले म्हणतात, आवाज साऊंडवाल्याचा. साऊंडवाला म्हणतो, मी लाईनआऊट दिला, पुढचं तुमचं. स्विचरवर बसलेल्या मुलाचं लक्ष चित्रावर असतं, आणि ते तसंच असायला हवं. मॅपिंगचा पर्याय मेनूच्या दोन-तीन पायऱ्या आत असतो. रेकॉर्डर भाड्याने आलेला असतो, काल तो एखाद्या लग्नात किंवा सभेत होता, तिथे दोन चॅनेल पुरले, तेच सेटिंग आज राहतं. तुम्ही दोनच ट्रॅक निवडले असतील तर तिसऱ्यापासून सोळाव्यापर्यंत जे काही केबलमधून आलं ते यंत्र सोडून देतं. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही, कारण ते लिहिलंच गेलेलं नसतं.

'उगाच जागा कशाला खायची' हे कारण मला अनेकदा ऐकवलं जातं. त्याचा हिशोब साधा आहे. व्यावसायिक दर्जाचा एक चॅनेल, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा, तासाला साधारण अर्धा जीबी होतो. आठ चॅनेलचे चार जीबी. त्याच वेळी प्रोरेस ४२२ या व्यावसायिक फॉरमॅटमध्ये घेतलेलं एचडी चित्र तासाला सुमारे ५५ जीबी घेतं. चित्रासाठी ५५ जीबी द्यायला कुणी मागेपुढे पाहत नाही आणि गाण्याच्या कार्यक्रमात गाण्यासाठी चार जीबी जड होतात, हे मला आजवर पटलेलं नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि हे कुठल्याही संस्थेत घडू शकलं असतं. आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ गायिकेची मैफल काही वर्षांपूर्वी झाली. चित्रीकरण मोठ्या शहरातून आलेल्या युनिटने केलं, आवाजही त्यांच्याच माणसाकडे होता. मी श्रोत्यांत होते. त्यानंतर बाई फारशा गाऊ शकल्या नाहीत आणि पुढे गेल्या. घरच्यांकडे त्या मैफलीची डीव्हीडी होती. त्यात पंख्याची घरघर, पुढच्या रांगेतलं खोकणं, पेटी वाजवीपेक्षा मोठी, आणि बाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांच्या मुलीने मला विचारलं, 'ताई, हे जरा साफ करून मिळेल का?'

साफ करण्याआधी मूळ रेकॉर्डिंग पाहावं म्हणून मी संस्थेत गेले. कपाटात अहवालांच्या गठ्ठ्याखाली दोन प्रोफेशनल डिस्क सापडल्या, पारदर्शक कव्हरमध्ये, वर मार्करने फक्त तारीख. ५० जीबीच्या डिस्कवर त्या दर्जाचं रेकॉर्डिंग दीड तासाच्या आसपास बसतं, त्यामुळे लांबलेल्या मैफलीला दोन लागल्या होत्या. त्या वाचणारा डेक मिळवायलाच बरेच दिवस गेले. हे डेक आता सहज मिळत नाहीत, कोल्हापुरातल्या एका स्टुडिओने जुनी ओळख म्हणून वापरू दिला.

पहिली डिस्क लावली. मीटरवर एक आणि दोन हलत होते, तोच डीव्हीडीवरचा आवाज, म्हणजे कॅमेऱ्याचा माईक. तीन आणि चार निश्चल. आणि पाच, सहा, सात, आठ, चारही जिवंत. पाचवर बोट ठेवलं. बाईंचा माईक होता. षड्ज लावण्याआधीचा त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येला त्या हळूच म्हणाल्या, 'पंचम बघ गं जरा', हे सभागृहात तिसऱ्या रांगेत बसलेल्या मलाही त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं. सहावर पेटी, सातवर तबला, आठवर दोन्ही तंबोरे. साऊंडवाल्याने आपलं काम चोख केलं होतं. चार वेगळे आऊट काढून ते एसडीआयच्या दुसऱ्या गटात घातले होते आणि रेकॉर्डरनेही ते पाच ते आठ ट्रॅकवर लिहिले होते. पण डीव्हीडी करणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या एडिटिंगमध्ये पहिली जोडी आली, ती त्याने वापरली. बाकीचे ट्रॅक उघडून बघायचं त्याला कारणच नव्हतं. इतकी वर्षं बाईंचा खरा आवाज त्या कपाटात होता आणि घरची माणसं पंख्याची घरघर ऐकत होती.

मग दुसरी डिस्क लावली. तिच्यावरही पाच ते आठचे मीटर हलत होते, म्हणून मी आनंदाने पाचवर गेले. तिथे कॅमेऱ्याचा माईक. सहावर तोच, सातवर, आठवर तोच. खंड पडू नये म्हणून त्या दिवशी दोन डेक लावले होते, पहिली डिस्क संपत आली की दुसऱ्या डेकवर रेकॉर्डिंग सुरू. त्या दुसऱ्या डेकवर पाच ते आठ ट्रॅकलाही पहिल्याच जोडीचा आवाज जोडलेला होता. तेच युनिट, तीच केबल, तोच साऊंडवाला, शेजारी शेजारी ठेवलेले दोन डेक, आणि मॅपिंग वेगळं. मीटर हलताना दिसले म्हणून सगळ्यांना वाटलं, सगळं येतंय. मध्यंतरानंतरचा ठुमरीचा भाग आणि शेवटची भैरवी अशी कायमची गेली. मुलीला मी पहिल्या भागाचं नीट मिक्स करून दिलं. दुसऱ्या भागाचं तिने विचारलं तेव्हा मला समजावून सांगावं लागलं की साफ करायलासुद्धा मुळात काहीतरी लागतं.

याच गोष्टीसाठी मी हे पत्र लिहिते आहे. मीटर हलतो म्हणजे आवाज येतो आहे एवढंच कळतं. कुणाचा येतो आहे ते मीटर सांगत नाही. त्यासाठी हेडफोन लावून एकेक ट्रॅक सोलो, म्हणजे बाकीचे बंद करून, ऐकावा लागतो, आणि जितके रेकॉर्डर तितक्या वेळा ऐकावा लागतो. एका रेकॉर्डरचं सेटिंग दुसऱ्यावर आपोआप जात नाही.

आजकाल यावर एक उत्तर हमखास मिळतं: आता एआय आहे, एका मिक्समधून गळा, पेटी, तबला वेगळे काढता येतात. मी ही साधनं वापरते. पाश्चात्त्य बँडच्या गाण्यावर ती छान चालतात. पण सतत, एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरून आवाज साफ करणारी बरीच सॉफ्टवेअर चालतात, आणि आपल्या गाण्यात सतत एकसारखा येणारा आवाज तंबोऱ्याचा असतो. पंख्याबरोबर तंबोराही पुसला जातो. माझ्या गावात हे चालवून घेणं मला जड जातं. इथल्या सतारमेकर गल्लीत घोडीवर जवारी लावायला कारागीर तासन्‌तास बसतो, कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, पुन्हा फिरवतो, मग तारेखाली दोरा केसभर पुढे-मागे सरकवतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्या तंबोऱ्याला रेकॉर्डिंगमध्ये स्वतःचा एक ट्रॅक मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.

कॅमेऱ्याचा माईक आणि थेट आवाज दोन्ही एकत्रच करून एका जोडीवर का देत नाही, असंही विचारतात. त्याचं कारण अंतर आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सभागृहात मागे वीस मीटरवर उभ्या कॅमेऱ्याच्या माईकपर्यंत तो पोचायला जवळजवळ ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे आपल्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने दीड फ्रेम. गायकाच्या माईकवरचा आवाज मात्र तारेतून तत्काळ येतो. दोन्ही जागेवर मिसळले की प्रत्येक तानेला शेपूट फुटतं. वेगवेगळ्या ट्रॅकवर असतील तर नंतर एक सरकवून दुसऱ्याशी जुळवता येतो. एकदा मिसळले की नाही. वारकरी कीर्तनात तर हे फारच जाणवतं: टाळकरी कॅमेऱ्याच्या बाजूला तोंड करून उभे, पखवाज जोरात, आणि कीर्तनकार बुवांचं निरूपण त्या सगळ्याच्या मागे. बुवांचा माईक वेगळ्या ट्रॅकवर ठेवला तर निरूपणाचा शब्द न्‌ शब्द मिळतो आणि टाळाचा गजरही शाबूत राहतो.

आणखी एक बिघाड सांगते, कारण तो मोबाईलमुळे वाढला आहे. एका व्याख्यानमालेची फाईल माझ्याकडे आली, तक्रार अशी की संगणकावर वक्त्याचा आवाज ऐकू येतो आणि फोनवर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वक्त्याचा एकच माईक एक आणि दोन अशा दोन्ही ट्रॅकवर दिला होता, पण एका केबलमध्ये एक्सएलआरच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना उलट जोडलेल्या होत्या. डावा आणि उजवा वेगवेगळे वाजले तर ऐकू येतात. फोनच्या एका स्पीकरसाठी त्यांची बेरीज झाली की दोघे एकमेकांना पुसून टाकतात. तिथे दोन्ही ट्रॅक वेगळे शाबूत होते म्हणून एक उलटा करून भागलं. रेकॉर्ड करतानाच दोन्ही मिसळून एक केला असता तर विद्वान वक्त्याचं अख्खं व्याख्यान गेलं असतं.

यावर जगात उपाय झालेले आहेत, आपल्याला नव्याने काही शोधायचं नाही. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेने फाईलींच्या देवाणघेवाणीसाठी कुठला आवाज कुठल्या ट्रॅकवर असावा याची शिफारसच काढली आहे, तिचा क्रमांक आर १२३. सहा चॅनेलच्या सराऊंड आवाजासाठी प्रसारणात रूढ क्रम आहे: डावा, उजवा, मधला, खर्जाचा, मग मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमाच्या कामात हा क्रम वेगळा धरतात, म्हणून तिथेही सोबत कागद लागतोच. ब्रिटनमध्ये स्टिरिओ लाईन ओळखायला एक हजार हर्ट्‌झचा सूर लावतात आणि तो डावीकडे एकदा, उजवीकडे दोनदा तोडतात. ऐकणाऱ्याला तत्काळ कळतं की डावा-उजवा अदलाबदल झाले आहेत का.

आपल्याला एवढ्या यंत्रणेचीही गरज नाही. मी स्वतः जे करते ते कुठलाही होतकरू मुलगा करू शकेल. पडदा उघडण्याआधी, प्रेक्षक यायच्या आत, रेकॉर्डर सुरू करायचा आणि प्रत्येक माईकपाशी जाऊन त्याचं नाव बोलायचं. 'हा गायकाचा माईक, ट्रॅक तीन. हा डग्ग्याचा, ट्रॅक पाच.' तबल्याच्या माईकवर बोटाने टिचकी मारायची, पेटीचा एक सूर धरायचा. मग ती दोन मिनिटांची फाईल वाजवून एकेक ट्रॅक ऐकायचा. चूक असेल तर तिथेच कळते, आणि ती फाईल मूळ रेकॉर्डिंगसोबत ठेवली की पन्नास वर्षांनी उघडणाऱ्यालाही कुठल्या ट्रॅकवर काय आहे हे माणसाच्या आवाजात ऐकायला मिळतं. कागद हरवेल, फाईलच्या आतला आवाज फाईल असेपर्यंत राहील.

क्रमाबद्दल माझं मत असं. एक आणि दोनवर नेहमी मिक्सरचं तयार स्टिरिओ मिक्सच असावं, कारण घाईत काम करणारा माणूस पहिली जोडीच उचलणार, हे गृहीत धरायला हवं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या हाताला चांगलंच लागेल अशी व्यवस्था करावी. कॅमेऱ्याचा माईक पहिल्या जोडीवर कधीही नको. त्यानंतर तीनवर मुख्य गळा किंवा नाटकात मुख्य माईक, मग पेटी अथवा ऑर्गन, मग तबला, मग तंबोरे. नाटकात रंगमंचाच्या कडेचे माईक एकत्र करून एका ट्रॅकवर चालतील, पण ऑर्गन-तबला त्यांच्यात मिसळू नये. संगीत नाटकात पद सुरू झालं की ऑर्गन कुठे थांबतो आणि नट कुठे एकटा पुढे जातो, हे पुढच्या पिढीला शिकायचं असेल तर दोघे वेगळे ऐकता आले पाहिजेत. आणि शेवटची जोडी, सात आणि आठ, सभागृहासाठी राखून ठेवावी.

या शेवटच्या जोडीबद्दल जास्त आग्रहाने लिहिते. प्रेक्षकांची दाद, वन्स मोअर, सभागृहाचा स्वतःचा घुमारा, हे सगळं 'नको असलेला आवाज' म्हणून पहिल्यांदा काढलं जातं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते नाट्यगृह. आग लागली ती केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. वास्तू पुन्हा उभी करता येते, नकाशे असतात, छायाचित्रं असतात. पण मागच्या रांगेत बसून तिथला आवाज कसा ऐकू यायचा, रंगमंचावरचा शब्द भिंतींवरून कसा परत यायचा, याचा पुरावा फक्त रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि तोही कुणी सभागृहाचे माईक वेगळ्या ट्रॅकवर घेतले असतील तरच. ध्वनिशास्त्राचे जाणकार अशा रेकॉर्डिंगवरून बरंच काही सांगू शकतात. माझ्याकडे त्या नाट्यगृहातल्या काही कार्यक्रमांचे असे ट्रॅक आहेत आणि ते मी जपून, तीन ठिकाणी प्रती करून ठेवले आहेत. इतरांकडेही असतील. बहुधा त्यांना माहीतही नसेल की त्यांच्या फाईलींच्या सातव्या-आठव्या ट्रॅकवर काय आहे.

म्हणून माझं मागणं संस्थांकडे आहे, कलावंतांकडे आहे आणि थोडंसं सरकारकडेही. चित्रीकरणाचं कोटेशन येतं तेव्हा त्यात कॅमेऱ्यांची संख्या असते, क्रेन असते, एलईडी स्क्रीन असते, जेवणखाण असतं. मी पाहिलेल्या कोटेशनांत 'किती चॅनेल आवाज, कुठल्या क्रमाने' ही ओळ क्वचितच दिसली आहे. संस्थेच्या कार्यवाहांनी ती घालायला लावावी. उरलेले पैसे देण्याआधी फाईल कुणाकडून तरी उघडून घ्यावी आणि एकेक ट्रॅक ऐकावा. त्याला अर्धा तास लागत नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने आपल्या महोत्सवांच्या चित्रीकरणाच्या अटींमध्ये ट्रॅकचा क्रम आणि सुरुवातीची बोलकी नोंद बंधनकारक करावी. १९०५ पासून काम करणाऱ्या अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने आपल्या शाखांसाठी एक क्रम ठरवून दिला तर गावोगावचे साऊंडवाले तो पाळतील, याची मला खात्री आहे. त्यांना कुणी कधी विचारलेलंच नाही. स्पष्ट सांगितलं तर ही मुलं जिवापाड काम करतात. आमच्याकडे मांडवात जनरेटर बंद पडल्यावर अंधारात मोबाईल दातात धरून केबल बदलणारी मुलं मी पाहिली आहेत.

कलावंतांना एक सांगणं आहे. मानधन ठरवताना रेकॉर्डिंगची प्रत मागता, तेव्हा नुसतं 'व्हिडिओ द्या' म्हणू नका. मूळ फाईल, सगळ्या ट्रॅकसकट, अशी मागा. यूट्यूबवर चढलेल्या प्रतीत बहुधा दोनच चॅनेल उरलेले असतात आणि तेही दाबलेले.

आणि ज्यांच्या कपाटात जुन्या डिस्क, हार्ड डिस्क, मेमरी कार्डं पडून आहेत त्यांनी ती 'आवाज वाईट आहे' म्हणून टाकून देऊ नयेत. वाईट आवाज पहिल्या दोन ट्रॅकवरचा असू शकतो. संगणकावर फाईल उघडताना साधा प्लेअर बहुधा एकच ट्रॅक वाजवतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा, किती ट्रॅक आहेत ते मोजा, प्रत्येक वेगळा ऐका. प्रोफेशनल डिस्क असतील तर लवकर करा. डिस्क टिकेल, पण ती वाचणारे डेक कमी होत चालले आहेत आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून कमी.

दिवाळीनंतर आमच्याकडे कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. कुठल्याही संस्थेला हवा असेल तर मी वापरते तो एक पानी चॅनेलचा तक्ता मी विनामूल्य देईन. त्यात माईकचं नाव, मिक्सरवरचा क्रमांक, एसडीआयचा गट, रेकॉर्डरचा ट्रॅक आणि ऐकून खात्री केलेल्या माणसाची सही, एवढे पाच रकाने आहेत. आपल्या वृत्तपत्राने तो छापला तर जास्त संस्थांपर्यंत पोचेल. पत्रासोबत त्याची एक प्रत जोडली आहे.

आपली,
एक ध्वनिमुद्रक, मिरज